पूर्वाचा भाऊ

"वाटी धरा," शालन म्हणाली.

मी दुकानाला निघालो होतो, पायांत चपलाही घातल्या होत्या. पूर्वा तिच्या लाकडी खुर्चीत छातीवरून पट्टा बांधून बसली होती आणि तिच्या तोंडात अर्धा घास होता. एरवी घास गिळून होईपर्यंत शालन तिच्या हनुवटीखालचा हात काढायची नाही. त्या सकाळी तिनं वाटी माझ्यापुढं केली आणि दुसऱ्या हातानं भिंत धरली.

"काय झालं?"

"आधी हिचा घास जाऊ दे."

पूर्वाला एक घास गिळायला वेळ लागायचा. आम्ही दोघं तिच्या गळ्याकडं बघत थांबलो. घास उतरल्यावर शालन हळूच म्हणाली, "अंगावरून पाणी जातंय. पहाटेपासून पोट आवळतंय."

आठवा महिना नुकताच लागला होता. पूर्वाही आठव्यातच झाली होती. ते दोघांनाही आठवलं.

तेव्हा आम्ही विट्यात राहत होतो. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचं माझं दुकान घरापासून चार पावलांवर होतं. पूर्वा साडेपाच वर्षांची होती. ती जन्मली तेव्हा रडली नव्हती. बाकीच्या बायका सांगतात, बाळाचा पहिला आवाज ऐकला नि सगळ्या कळा विसरले. शालनला तसं सांगायला काही मिळालं नाही. तिला ऐकू आली ती नुसती पळापळ. पूर्वा काचेच्या पेटीतून घरी आली, पण मान धरेना, बसेना. मांडीवर घेतली की कमानीसारखी ताठ व्हायची. उशिरा चालणारी पोरं असतात, म्हणून सगळे धीर देत राहिले. ती दीड वर्षाची झाल्यावर मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळं हातापायांवर मेंदूचा ताबा राहिला नाही. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. औषधानं जाणारं हे नाही, पण व्यायामानं आणि नीट सांभाळल्यानं पुष्कळ फरक पडतो. तेव्हापासून शालन दर मंगळवारी तिला कडेवर घेऊन एसटीनं मिरजेला जायची. बसवायचं कसं, भरवायचं कसं, अंग ताठ झालं तर सोडवायचं कसं, हे सगळं ती तिथं शिकली आणि घरी येऊन करत राहिली.

दुसरं मूल मला नको होतं. उघड बोललो नाही, पण मनात भीती घर करून होती. माझी आई मात्र दर सणाला गावाकडून आली की तोच विषय काढायची. हिला एक भाऊ पाहिजे. तुम्ही काय जन्माला पुरणार आहात? पाहुणेही तेच बोलायचे, शेजारचेही. शालन दोन-अडीच वर्षं काहीच बोलली नाही. मग एका मंगळवारी मिरजेहून आली, पूर्वाला खाली बसवलं आणि म्हणाली, आपण अजून एक होऊ देऊ या. मला वाटलं, सगळ्यांच्या बोलण्यापुढं तिनं मान तुकवली. मी हो म्हणालो, कारण सगळ्यांचं म्हणणं मलाही अगदी खोटं वाटत नव्हतं.

विट्याच्या डॉक्टरीणबाईंनी शालनला तपासलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. बाळाची छाती अजून कच्ची आहे म्हणून त्यांनी एक इंजेक्शन दिलं आणि इथं एक मिनिट थांबू नका म्हणाल्या. बाळाला पेटी लागणार, ती सोय मिरजेत आहे, वाटेत कुठंही रेंगाळू नका.

माझ्या दुकानाशेजारी दस्तगीर मुलाणीचं गॅरेज होतं. त्यानं दुसऱ्याची दुरुस्तीला आलेली जीप काढली, मागं गादी टाकली. समोरच्या काकू म्हणाल्या, पूर्वाला माझ्याकडं ठेवा, मी बघते. मी तिची पिशवी त्यांच्या हातात देणारच होतो.

"तिला घ्या," शालन गादीवरून म्हणाली.

"अगं, तिथं मी तुला बघू का हिला?"

"तिला इथं ठेवली तर माझं ध्यान इथंच राहील. तिला घ्या."

वाद घालायची ती वेळ नव्हती. पूर्वाला मांडीवर घेऊन मी दस्तगीरच्या शेजारी बसलो.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. तासगावच्या आसपास द्राक्षबागांच्या छाटण्या चालल्या होत्या. रस्त्याकडेला बायकांच्या टोळ्या उभ्या होत्या आणि दस्तगीरला सारखा हॉर्न मारावा लागत होता. मोठा आवाज झाला की पूर्वा दचकायची आणि दचकली की तिचं सगळं अंग ताठ व्हायचं. मान मागं, पाय सरळ, लाकडासारखे. घरी असं झालं की मी शालनला हाक मारायचो. जीपमध्ये ती माझ्या मांडीवरून निसटायला लागली तसा मी तिला घट्ट दाबून धरलं, आणि ती आणखीच ताठली.

"दाबू नका," मागून आवाज आला. कळ आली की शालन थांबायची, कळ ओसरली की बोलायची. "गुडघे दुमडून पोटाशी घ्या तिचे... मान पुढं आणा... आता नुसतं धरा. तिच्याशी बोला काहीतरी."

मी तिला रस्त्यावर जे दिसेल ते सांगत राहिलो. ही बघ म्हैस. ही बघ उसाची गाडी. हळूहळू तिचे गुडघे सैल झाले आणि डोकं माझ्या छातीला लागलं. तिचं काळीज चिमणीसारखं धडधडत होतं. माझंही तसंच चाललं असणार.

सांगलीच्या अलीकडं रेल्वेचं फाटक बंद होतं. पुढं ट्रकांची रांग लागली होती. दस्तगीर खाली उतरून पुढं गेला, फाटकवाल्याशी काहीतरी बोलला आणि मान हलवत परत आला. मागं शालनचं कण्हणं आता थांबत नव्हतं. ती हातानं जीपचा पत्रा धरून होती, तिची बोटं पांढरी पडली होती. मी मागं वळून बघायचो, पुन्हा पूर्वाकडं बघायचो. जिच्याकडं बघेन तिच्यासाठी मला काहीच करता येत नव्हतं. गाडी आली, तिनं लांबलचक शिट्टी दिली आणि पूर्वा पुन्हा ताठली. या वेळी मागून काही सांगणं आलं नाही. मी आपणहून गुडघे दुमडले, मान पुढं घेतली आणि मालगाडीचे डबे तिला दाखवत बसलो.

मिरजेच्या दवाखान्यात शालनला स्ट्रेचरवर घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. किती महिने झालेत आणि पहिलं मूल कसं झालं. मी उत्तर द्यायच्या आधीच त्यांनी माझ्या कडेवरच्या पूर्वाकडं बघितलं आणि दुसरा प्रश्न सोडून दिला.

स्ट्रेचर आत नेताना शालननं माझ्या शर्टाची बाही धरली.

"एक ऐका. मला काही झालं आणि बाळ राहिलं, तर त्याला..."

"तुला काही होत नाही," मी म्हणालो.

"ऐका तरी."

"नंतर सांग."

मला खरंच ऐकवत नव्हतं. तिनं बाही सोडली, दार मिटलं, आणि ते मिटल्यावर मला तेच एक वाक्य पोखरायला लागलं. त्याला काय? त्याला आईकडं द्या? त्याला शिकवा? की पूर्वाला अंतर देऊ नका, असं त्याला सांगा? हेच शेवटचं असणार असं मला वाटलं. दुसरं काय असणार?

बाहेर व्हरांड्यात बाकडी होती. मी पूर्वाला घेऊन बसलो. दुपार झाली होती, सकाळच्या अर्ध्या वाटीनंतर तिच्या पोटात काही नव्हतं. ती दाराकडं तोंड करून "आ, आ" करायला लागली. ती बोलत नसे, पण हा 'आ' आईसाठी होता, तेवढं घरात सगळ्यांना कळायचं. शेजारी कुणाची तरी वाट बघत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी तिला निरखून बघितलं, जन्मापासूनच का, म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. आत हिची आईच आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "देव करो नि धडधाकट पोरगा होवो. म्हणजे हिला आधार झाला." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मी मान हलवली.

कँटीनमधून दूध आणि बिस्किटं आणली. बिस्किट दुधात भिजवून तिला चमच्यानं द्यायला लागलो. पहिले तीन-चार घास नीट गेले. तेवढ्यात आतून कुणाची तरी किंकाळी ऐकू आली. ती शालनची होती की आणखी कुणाची, कळलं नाही. माझा हात हलला, पूर्वा दचकली, तिची मान मागं गेली आणि घास चुकीच्या वाटेनं गेला.

खोकला येईल म्हणून मी वाट बघितली. तो आला नाही. तिचं तोंड उघडं होतं, डोळे मोठे झाले होते, आणि आवाज नव्हता. ओठ निळे व्हायला लागले. शेजारच्या बाई उठून ओरडल्या, पाणी द्या, पाणी द्या. पाणी द्यायचं नसतं एवढं मला माहीत होतं, शालननं हजारदा सांगितलं होतं. मी पूर्वाला माझ्या हातावर पालथं वाकवलं, डोकं खाली केलं आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळव्यानं मारलं. एकदा मारलं, पुन्हा मारलं. आपलंच लेकरू, आणि मी त्याच्या पाठीत मारतोय. आणखी एकदा मारल्यावर बिस्किटाचा लगदा फरशीवर पडला, आणि मग ती रडायला लागली, मोठ्यानं, लाल होऊन.

मी तिला उचलून धरलं. व्हरांड्यातली माणसं जमली होती, एक नर्स धावत आली, तिनं पूर्वाच्या पाठीला यंत्र लावून ऐकलं आणि ठीक आहे म्हणाली. मी तिला म्हणालो, आत माझी बायको आहे, तिला यातलं काही सांगू नका. नर्सनं ऐकून घेतलं आणि ती आत गेली.

थोड्या वेळानं तीच नर्स पुन्हा बाहेर आली.

"मुलगा झाला," ती म्हणाली.

"रडला का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. नेहमी माणसं वजन विचारतात, बायको कशी आहे विचारतात.

"थोडा उशिरा रडला. पण रडला."

थोडा म्हणजे किती, हे मी विचारलं आणि तिला ते सांगता येईना. तिनं एवढंच सांगितलं की बाळाला पेटीत ठेवलंय, श्वासाला मदत लागतेय, आणि बाळाची आई शुद्धीवर आहे. डॉक्टरांनी संध्याकाळी मला बोलावलं. तेही म्हणाले की दोन-तीन दिवस काढावे लागतील, त्यानंतरचं त्यानंतर. मेंदूचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, "ते आज कुणीच सांगू शकत नाही. महिने जातील. तुम्हाला माहीतच आहे."

मला माहीतच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आई आली. दस्तगीरनं विट्याला परतून तिला निरोप धाडला होता. आईनं काचेतून बाळाला बघितलं, नळ्या लावलेलं, मुठीएवढ्या तोंडाचं. हात जोडले. मग वॉर्डात आली, शालनच्या कपाळावरून हात फिरवला, आणि खाटेशेजारी माझ्या मांडीवर बसलेल्या पूर्वाचा गालगुच्चा घेऊन म्हणाली, "झालं गं बाई तुझं काम. तुला सांभाळणारा आला."

शालन डोळे मिटून पडली होती. तिनं डोळे उघडले. आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात, तीही तसंच म्हणायची.

"आत्या, तसं म्हणू नका."

"का? काय वाईट बोलले मी?"

"त्याच्यासमोर कधी म्हणू नका. तो मोठा झाल्यावरही नाही." मग माझ्याकडं वळून ती म्हणाली, "काल हेच सांगत होते मी तुम्हाला. मला काही झालं आणि बाळ राहिलं, तर त्याला कुणी असं सांगायचं नाही की तू हिच्यासाठी जन्मलास."

कालपासून मी नेमकं उलटं समजून चाललो होतो.

आईला ते पटेना. ती खाटेच्या कडेला बसली. "मग तुमच्या माघारी हिचं कोण करनार, ते तर सांग."

"अजून ठाऊक नाही. पण ते आम्ही बघायचं, हातपाय चालताहेत तोवर. काल जन्मलेल्या पोरानं नाही."

"मग ह्यो कशासाठी केलास? एवढा जीव धोक्यात घालून?"

"मला बाळ हवं होतं, आत्या." शालनला बोलताना धाप लागत होती, तरी ती थांबली नाही. "पूर्वाच्या वेळीही बाळच हवं होतं. ती आली. मग परत हवंसं वाटलं. मिरजेला जाता-येता एसटीत दुसऱ्यांची तान्ही पोरं बघायचे मी. एवढंच आहे."

आई लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत बसली. मग जे माझ्या तोंडात येऊन अडकलेलं होतं, ते तिनं विचारलं.

"आन ह्योबी तसलाच निघाला तर?"

"तर दोन," शालन म्हणाली.

वॉर्डात बाकीच्या खाटांवर बोलणी चालली होती, कुणाच्या तरी डब्याचा वास येत होता. आई माझ्याकडं बघत राहिली, मी यावर काही म्हणेन म्हणून. मी पूर्वाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

"लई अवघड हायस बाई तू," आई शेवटी म्हणाली आणि पोर पुन्हा बघून येते म्हणून उठून गेली.

बाळ पेटीत तीन आठवडे राहिलं. शालन मिरजेतच राहिली. दवाखान्याजवळ एका खोलीत आई आणि पूर्वा. मी दुकान आणि मिरज असं करत होतो. याआधी आई पूर्वाला मांडीवर घ्यायची, पण तिचं जेवण असलं की उठून बाहेर जायची, ते तिच्यानं बघवत नसे. त्या तीन आठवड्यांत तिला दुसरा इलाज राहिला नाही. शालन दूध द्यायला दवाखान्यात गेली की पूर्वाचं सगळं आईवर यायचं. एकदा मी दुपारी पोचलो तर आई तिला गुडघ्यांत धरून, मान पुढं घेऊन भरवत होती आणि प्रत्येक घासाला "गीळ माझे आई" म्हणत होती. मला बघून रागानं म्हणाली, दारात उभा राहू नको, तिचं ध्यान जातंय. मंगळवारी व्यायामाला तीच पूर्वाला घेऊन गेली आणि तिथल्या बाईंना उलटे प्रश्न विचारून आली.

बाळाचं नाव केदार ठेवलं. घरी आल्यावरचं वर्ष कसं काढलं, ते सांगता येणार नाही. आम्ही केदारकडं बघायचो ते बाळाकडं बघतात तसं नाही. मान धरतोय का, मूठ उघडतोय का, पाय ताठ तर होत नाहीत ना. मी त्याच्या उशाशी टाळी वाजवायचो आणि तो दचकला की मला घाम फुटायचा. सगळी तान्ही पोरं दचकतात, हे डॉक्टरांनी चारदा सांगितलं तरी. शालन एकदा चिडून म्हणाली, त्याला जरा खेळू द्या की, सारखं काय तपासताय. त्यानं मान धरली, थोडी उशिरा. बसला, तोही थोडा उशिरा. चालला तेव्हा आई अंगणातच मटकन खाली बसली.

पूर्वाचं करायला मग आम्ही वाटणी केली. सकाळ शालनची, संध्याकाळ माझी, आणि आई होती तोवर दुपार आईची. मंगळवारी मिरजेला भेटणाऱ्या आयांमधल्या तिघी-चौघी शालननं जोडल्या. पुढं आम्ही सगळ्यांनी मिळून विट्यात दोन खोल्या घेतल्या. आमची पोरं दिवसा तिथं असतात, दोन मदतनीस बायका आहेत, प्रत्येक घरानं आठवड्यातून एक दिवस द्यायचा. आमच्या माघारी काय, याचं पुरतं उत्तर अजून मिळालेलं नाही. पण आता तो प्रश्न एकट्या घराचा राहिला नाही. तू हिच्यासाठी जन्मलास, ही गोष्ट केदारला आम्ही कधी सांगितली नाही. आईनंही तिच्या शेवटापर्यंत सांगितली नाही. पाहुण्यांपैकी कुणी तोंड उघडलं की ती मध्येच चहाचं विचारायची.

दोन वर्षांपूर्वी केदारला रत्नागिरीला मत्स्यविज्ञानाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. आमच्या दुष्काळी भागातलं पोरगं मासे शिकायला चाललं, म्हणून गल्लीत सगळे हसले. माझा चुलतभाऊ मात्र हसला नाही. एवढ्या लांब, बहिणीला टाकून? म्हणाला. शालन त्याच्यासमोरच केदारच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली नाही, घड्या घालत राहिली.

निघायच्या सकाळी केदार पूर्वाच्या चाकाच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला. पूर्वा तेव्हा तेवीस-चोवीसची होती. त्यानं तिला सांगितलं की दिवाळीला येतो, रोज फोन करतो, तिथला समुद्र दाखवतो. पूर्वानं तोंड भिंतीकडं फिरवलं. मान वळवायला तिला किती कष्ट पडतात ते मला ठाऊक आहे, तरी तिनं ती वळवली. केदार खुर्चीला वळसा घालून त्या बाजूला गेला. तिनं पुन्हा सगळं अंग गोळा करून मान या बाजूला आणली. तो हसत इकडं आला, तर तिनं डोळेच घट्ट मिटून घेतले.

त्याचं हसू गेलं. त्यानं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या शालनकडं बघितलं.

"आई, ही बघत पण नाही. मी जाऊ का नको?"

"जा," शालन म्हणाली. "गाडीची वेळ झाली."

"अगं, पण रुसलीय ती."

"रुसू दे," शालन म्हणाली. "बहीण आहे तुझी."